कल्याणचे नाव लागलेले जनुक

1984 साली ‘ह्यूमन जेनेटिक्स’ या नियतकालिकात एका कोळी कुटुंबावरचा शोधनिबंध आला. या कुटुंबात तांबड्या पेशींमधले ‘जी-6-पीडी’ हे एन्झाइम कमी होते आणि त्याचा प्रकार तोवर नोंदल्या गेलेल्या प्रकारांहून वेगळा होता. नव्या प्रकाराला गावाचे नाव द्यायची रीत, म्हणून तो ‘जी-6-पीडी कल्याण’ झाला. जी उल्हास नदी कल्याणवरून येते, तीच पुढे घोडबंदर आणि भाईंदरला वळसा घालून उत्तनजवळ समुद्राला मिळते. मीरा-भाईंदरमध्ये हिवतापाची गोळी घेणाऱ्याशी या शोधाचा थेट संबंध आहे.

व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू रक्तातून गेले, तरी काही यकृतात दडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. या दडलेल्यांवर प्रायमाक्विन चालते. प्रौढांना रोज 15 मिलिग्रॅम, सलग 14 दिवस, असा तिचा आपल्याकडचा नेम आहे. बहुतेकांना ती सोसते. मोजक्यांना मात्र दोन-चार दिवसांत थकवा येतो, डोळे पिवळे पडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागलेल्या असतात.

असे का होते, याचे उत्तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात मिळाले. तिथल्या कैद्यांवर शिकागोचे संशोधक आल्विंग आणि त्यांचे सहकारी हिवतापाच्या औषधांचे प्रयोग करत होते. औषध न सोसणाऱ्याच्या पेशी किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून निरोगी माणसाला दिल्या, तर त्या तिथेही फुटल्या. निरोगी माणसाच्या पेशी औषध न सोसणाऱ्याच्या अंगात टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. 1956 मध्ये या दोषाचे नाव कळले: जी-6-पीडीची कमतरता. तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि मायटोकाँड्रियाही नसतात. औषधामुळे तयार होणाऱ्या ऑक्सिडीकारक रसायनांपासून बचावासाठी तिला या एकाच एन्झाइमच्या वाटेवर अवलंबून राहावे लागते. तीन वर्षांनी, 1959 मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी या नव्या विद्याशाखेला ‘फार्माकोजेनेटिक्स’ हे नाव दिले.

मुंबईनेही यात उशीर केला नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांनी पारशी समाजात ही कमतरता शोधली. पुढे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेने हे काम हाती घेतले. तिथल्या दीपिका मोहंती, मलय मुखर्जी आणि रोशन कोला यांनी 2004 मध्ये देशभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निरनिराळ्या समाजगटांत या कमतरतेचे प्रमाण शून्यापासून 27 टक्क्यांपर्यंत आढळले होते. ‘मेडिटेरेनियन’ हा तीव्र प्रकार बिगर-आदिवासी समाजांत जास्त, तर ‘ओरिसा’ प्रकार आदिवासींमध्ये जास्त.

हे आकडे वाचले की जातीवरून किंवा आडनावावरून अंदाज बांधण्याचा मोह होतो. तो मोह कल्याणच्या जनुकानेच खोटा पाडला. केरळमध्ये सापडलेला ‘जी-6-पीडी केरळ’ हा प्रकार प्रयोगशाळेत वेगळा वागत असे, म्हणून तो स्वतंत्र मानला गेला होता. 1992 मध्ये दोघांचा डीएनए वाचला, तेव्हा दोन्हीकडे 317 व्या जागी तोच बदल निघाला. आता त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात.

मीरा-भाईंदरमध्ये तर असा अंदाज मुळातच टिकत नाही. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 8,09,378 होती. उत्तन-चौकचे कोळी आणि ख्रिस्ती, राई-मुर्ध्याचे आगरी, मीरा रोडच्या इमारतींतले गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, कोकणी मुसलमान असे सगळे एकाच दवाखान्याच्या रांगेत असतात. त्यांच्यात लग्नेही होतात.

शिवाय हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला एकच एक्स असल्याने कमतरता असली तर ती पुरती दिसते. स्त्रीला दोन एक्स असतात, त्यामुळे तिच्या काही पेशी सुदृढ आणि काही दुबळ्या असू शकतात. अशा वेळी ‘आहे की नाही’ एवढेच सांगणारी स्वस्त चाचणी तिला बिनधोक ठरवून मोकळी होते. वेळही महत्त्वाची. म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते. म्हणून पेशी फुटून गेल्यावर लगेच केलेली चाचणी फसवी निघू शकते. चाचणी गोळीच्या आधीच हवी.

एकाच मात्रेत काम संपवणारे टॅफेनोक्विन हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण एन्झाइम मोजल्याशिवाय ते देता येत नाही, कारण एकदा घेतलेली मात्रा परत काढता येत नाही. प्रायमाक्विन निदान थांबवता तरी येते. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा भरही त्यावरच आहे: गडद लघवी, पिवळे डोळे, निळसर ओठ, धाप दिसली की गोळी बंद करा. म्हणजे राखण करायची ती रुग्णानेच. ही लक्षणे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितली नाहीत, तर तीही होत नाही.

जनुकांची ही चाल एका गोळीपुरती नाही. क्षयाचे आयसोनियाझिड काहींच्या यकृतात सावकाश निकामी होते आणि अशांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका वाढतो. म्हणून सोबत ब-6 जीवनसत्त्व देतात. हृदयाच्या स्टेंटनंतरचे क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाला लागते. दक्षिण आशियाई लोकांत ते नीट सक्रिय न करणारे पुष्कळ आहेत.

यांतल्या जी-6-पीडीची चाचणी सर्वांत साधी आहे. निरोगी असताना ती एकदा केली की निकाल जन्मभर उपयोगी पडतो: हिवतापात, कुष्ठरोगाच्या डॅप्सोनच्या वेळी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बाळापासून दूर ठेवतानाही. रक्तगट आपण शाळेच्या ओळखपत्रावर छापतो. त्याच्याखाली ही एक ओळ छापायला नवे संशोधन नको. महापालिकेच्या दवाखान्यात चाचणीची सोय आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायचा एक प्रश्न, एवढेच हवे.