कलावतीचा करडा पट्टा

रविवार, सकाळचे पावणेआठ. पुण्याच्या जुन्या बाजारात निम्म्या ताडपत्र्या अजून उलगडायच्या आहेत. पाने-पकडी, ड्रिलची पाती, काटे नसलेली घड्याळं, किल्ल्या हरवलेली कुलपं, कुणाच्या तरी देवघरातून निघालेली जोडसमई. ऑक्टोबरचं ऊन तिरपं येतंय. रांगेच्या टोकाला मी उकिडवी बसलेय, कारण रेकॉर्डवाल्या मामांनी बुधवारीच फोन करून सांगून ठेवलंय की कॅम्पातल्या एका बंगल्यातला माल उचललाय.

"म्हातारी बाई गेली," मामा सांगतात. "पोरं ऑस्ट्रेलियात. म्हणाली, पियानो सोडून सगळं घेऊन जा."

तीन खोकी आहेत. रेकॉर्डी आडव्या रचल्यात, एकीवर एक, वर वजन म्हणून मिक्सरचा सांगाडा. पहिलं काम तेच करते: सांगाडा उतरवते आणि पहिल्या खोक्यातला माल उभा लावते. आडव्या गठ्ठ्यात तळाच्या तबकडीवर सगळ्यांचा भार येतो, ती वाकते, आणि तिच्यात अडकलेला खडा वरचीच्या खाचांत रुततो. मामा बघत राहतात. गेली चार वर्षं मी हे करतेय आणि गेली चार वर्षं ते पुढच्या रविवारी पुन्हा आडव्या रचतात.

आता बोटांचं काम. अंगठ्यानं कव्हर पुढे ढकलायचं, नजर टाकायची, पुढचं. टप, टप, टप. बोनी एम. आबा. जिम रीव्हज, परत जिम रीव्हज. नाताळची गाणी. हे घर ख्रिस्ती असणार. कव्हरांना ओल लागून गेल्याच्या तपकिरी रेघा आहेत, कडा कसरीनं खाल्ल्यात. बोटं काळी होत चाललीत. नाकात तो वास भरतो, जुना पुठ्ठा, डांबरगोळी आणि बुरशी, आणि या वासानं मला भूक लागल्यासारखं होतं.

फंक, सोल, जॅझ. मी शोधते ते एवढंच, आणि हे संगीत आपल्याकडे अशा बंगल्यांतूनच निघतं. त्यातलं परदेशी फार थोडं इथे छापलं गेलं. बाकीचं सामानातून आलं, बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकर तारवटींच्या ट्रंकांतून, विमान कंपन्यांत कामाला असलेल्यांच्या बॅगांतून. वादनाची वाट त्याहून जुनी. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा बँड मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला, मग टेडी वेदरफर्ड हा शिकागोत नाव कमावलेला पियानिस्ट आला. हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आणि चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे वादक मुंबईच्या रंगमंचांवर एकत्र आले, आणि तिथून जॅझ आपल्या सिनेमात शिरलं. 'अलबेला'तला सी. रामचंद्रांचा झोका ज्यांना आवडतो त्यांनी हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट ऐकलेलाच आहे, नाव माहीत नसलं तरी.

दुसऱ्या खोक्यात माझा हात थांबतो. ओटिस रेडिंग. 'ओटिस ब्लू', १९६५. कव्हर हातात घेताच कळतं, वजन बरोबर आहे. पण आतून निघते ती जिम रीव्हजची तबकडी.

पोटात खड्डा पडतो. पण याचा एक अर्थ असाही असतो, की या घरात रेकॉर्डी ऐकल्या जायच्या. रात्री उशिरा, पाहुणे बसलेले, एक काढायची, दुसरी लावायची, पहिली हाताला येईल त्या कव्हरात. म्हणून मी परत पहिल्यापासून सुरू करते. आता प्रत्येक कव्हरातून तबकडी बाहेर काढून लेबल वाचायचं.

"ताई, जरा सरकता का?"

विशी-बाविशीचा मुलगा, मुंबईहून पहाटेच्या गाडीनं आलेला. पाठीवरच्या बॅगेतून तो बॅटरीवर चालणारा लहानसा प्लेअर काढतो, डब्याएवढा, आणि ताडपत्रीवर पुस्तकाचा पाट करून त्यावर ठेवतो. त्याला आर. डी. बर्मन हवेत, कल्याणजी-आनंदजी हवेत, पण गाण्यांसाठी नव्हे. गाण्यातले बाकीचे सगळे थांबतात आणि ड्रम्स एकटे वाजतात ते चार-आठ सेकंद, 'ब्रेक', त्याला हवे आहेत. त्यावर तो आपलं नवं रचतो.

हे कुळ मला ठाऊक आहे. ११ ऑगस्ट १९७३ला ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये कूल हर्क नावाच्या जमैकन मुलानं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. त्यानं पाहिलं होतं की नाचणारे ब्रेकचीच वाट बघतात, आणि पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो ब्रेक लांबवत नेऊ लागला. हिपहॉप तिथून. आपला शोध दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून हर्क रेकॉर्डी पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायचा. इंग्लंडच्या उत्तरेत सोलवर वेडी झालेली पोरं होती, तिथले डीजे लेबलावर कोरा कागद चिकटवून खोटं नाव सांगायचे. त्या मंडळींचा देव्हारा म्हणजे फ्रँक विल्सनचं १९६५चं एक छोटं गाणं. मोटाउननं ते बाजारात आणायच्या आधीच रद्द केलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या, आणि २०२०मध्ये त्यातली एक १ लाख पौंडांना गेली.

मला त्या आकड्याचा हेवा वाटत नाही, वाईट वाटतं. दुर्मिळ या शब्दात लोक रत्न बघतात. रेकॉर्डीच्या बाबतीत दुर्मिळ म्हणजे बहुतेक वेळा तेव्हा कुणी विकत घेतली नाही, कुणी ऐकली नाही ती. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. चाललं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला प्रत सापडली, २०१०मध्ये त्यानं ती पुन्हा छापली, आणि सत्तरी गाठलेले सिंग परदेशांतल्या तरुण गर्दीसमोर वाजवायला उभे राहिले. २०१५मध्ये ते गेले, पण लोकांनी ऐकल्यानंतर गेले. म्हणून जे संग्राहक नव्या आवृत्तीला नाक मुरडतात त्यांच्याशी माझं जमत नाही. पुस्तकाची पहिली आवृत्ती जपावी, मीही जपते. पण दुसरी निघाली म्हणून हळहळणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही.

नव्या आवृत्तीला अस्सल प्रत लागते, हेही आहेच. टेप नेहमी उरत नाहीत. २००८मध्ये हॉलीवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि कितीतरी मूळ ध्वनिफिती जळाल्या. अशा वेळी कुणीतरी घरात नीट ठेवलेली तबकडी हाच मूळ स्रोत होतो. तिच्यावरून आवाज उतरवून घेतात, खरखर काढतात, पुन्हा साचा करतात.

नाताळच्या गाण्यांचं कव्हर. तबकडी बाहेर सरकवते. कुत्र्याचं लेबल, एचएमव्ही. क्रमांक 'ईसीएसडी'नं सुरू होतोय, म्हणजे स्टिरिओ. आणि मग नाव.

'रागा जॅझ स्टाइल'. शंकर-जयकिशन. १९६८.

मी तबकडी मांडीवर ठेवते. एकदम उठत नाही, काही बोलत नाही. हिची नवी आवृत्ती माझ्या घरी आहे, शेकडो वेळा ऐकलीय. ही पहिली.

आता ऊन उपयोगी पडतं. तबकडी कडेनं धरून डोळ्याच्या पातळीला आणते: किंचित लाट आहे, चालेल. मग तिरपी करते. खाचांत धूळ, बुरशीचे पांढरे ठिपके, दोन लांब ओरखडे. नख हलकेच फिरवून बघते, नखाला लागत नाहीत, म्हणजे वरवरचे. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत साच्याचा क्रमांक उठलेला आहे, ठीक. पण एक गोष्ट वेगळी दिसते. पहिल्या बाजूवर सगळे पट्टे काळेभोर चमकतात आणि मधलाच एक करडा आहे. राखेचं बोट फिरवल्यासारखा.

"हा घासलाय," मुलगा म्हणतो.

घासलाय खरा. त्या काळी घरोघरी एचएमव्हीचे पेटीवजा प्लेअर असत, सुई जड आणि वर्षानुवर्षं न बदललेली. शिवाय स्टिरिओ तबकडीच्या खाचेत सुईला आडवंही हलावं लागतं आणि उभंही. जुन्या मोनो प्लेअरची ताठ सुई उभी हलायला तयार नसते, ती खाचेच्या भिंती खरवडत जाते. एकदोनदा वाजवून असा रंग येत नाही.

मी पट्टे मोजते. तोडी, भैरव, मालकंस, आणि हा. कलावती.

मामांना विचारते, "मामा, हिचं कव्हर?"

"असेल त्यात."

नसतं. तिसरं खोकं मी आणि तो मुलगा मिळून पालथं घालतो. सोळा इंग्रजी वाल्ट्झ, एक बाराखडीची रेकॉर्ड, जिमी स्मिथची एक, तीही मधून तडकलेली. कव्हर नाही.

"लावून बघू?" मुलगा विचारतो. माझ्याकडे मऊ कापड आहे, मी वरवरची धूळ टिपते. त्याची सुई हलकी आहे हे आधी विचारून घेते.

रईस खाँची सतार जुन्या बाजारात उमटते. प्लेअरचा भोंगा पोराच्या तळहाताएवढा, तरी उमटते. शेजारचा कुलूपवाला हातोडी आपटतोय, समोर कुणी ग्राइंडर चालवून दाखवतोय. सतार राग मांडते, मग मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन तेच स्वर घेऊन निराळ्या चालीनं चालू लागतो, आणि खाली लेस्ली गोदिन्होचे ड्रम्स. मुलाची मान हलायला लागते. हे कोण ड्रम्सवर, तो विचारतो. मी सांगते. ट्रंपेट? जॉन परेरा. बास? एडी ट्राव्हास. गिटारवर दिलीप नाईक आणि अ‍ॅनिबल कॅस्ट्रो, तबला रमाकांत. मला पाठ आहेत ही नावं, आणि कुणी विचारलं की बरं वाटतं. रोज सिनेमाच्या गाण्यांमागे बसणारी ही माणसं, गाण्याच्या कव्हरवर ज्यांना जागा नसे. इथे गायक नाही, कडवं नाही, हिरो नाही. अकरा राग आणि तेच.

तो मोबाईल काढून काहीतरी शोधतो आणि निरागसपणे पडदा मामांपुढे धरतो. "बघा ना, बाहेर केवढ्याला जाते."

मामा दोनशे म्हणणार होते. आता चष्मा वर सरकवून आकडा वाचतात. "पाच हजार, ताई."

मला राग येत नाही. माल त्यांनी वाहून आणलाय, किंमत त्यांना कळायलाच हवी. पण मी तबकडी उन्हात धरून दाखवते. तो आकडा नव्याकोऱ्या प्रतीचा आहे, कव्हरासकट. या बाजारात दर्जाच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला किंमत निम्म्यावर येऊ शकते. हिला कव्हर नाही, बुरशी आहे, आणि हा करडा पट्टा.

"तो तर वाजवून वाजवून झालाय," मामा म्हणतात. "म्हणजे चांगलाच असणार ना?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. अठराशेला ठरतं. ओटिसचं रिकामं कव्हर मी आणखी पन्नास देऊन घेते. त्यातली तबकडी कुठेतरी असेल. मुलगा संपूर्ण पहिली बाजू मोबाईलवर उतरवून घेतो, मी तोपर्यंत सुईवर सावली धरून बसते.

संध्याकाळी घरी न्हाणीच्या पाटावर तिला अंघोळ. बाटलीतलं शुद्ध पाणी, दोन थेंब साबण, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल गोल, लेबलाला पाणी लागू न देता. स्पिरिटचाही अगदी हलका हात. जुन्या लाखेच्या तबकडीवर ते कधीच घालू नये, लाख विरघळते. ही विनाइलची, हिला चालतं. पाणी चहासारखं होतं. दुसऱ्यांदा फिकट. तिसऱ्यांदा स्वच्छ. कापडावर टेकवून तासभर वाळू देते.

आधी नवी आवृत्ती लावते. कलावतीत रिषभ नाही, मध्यम नाही. पाचच स्वर, त्यामुळे वाद्यांना मध्ये मोकळं अंगण मिळतं, आणि नव्या तबकडीवर ते अंगण झाडून लख्ख केलंय. झांजेची किणकिण शेवटच्या कणापर्यंत ऐकू येते.

मग जुनी. तोडी जवळजवळ स्वच्छ जाते. भैरवात दोनदा टिकटिक. मालकंस उत्तम, बासचा स्वर नव्यापेक्षा गोल वाटतो, निदान मला. मग दोन पट्ट्यांमधली शांतता, आणि सुई करड्यात उतरते.

खरखर चढते, पाऊस पत्र्यावर सुरू व्हावा तशी. सतार तिच्या पलीकडून येते. सॅक्सोफोन वर चढतो तिथे आवाज फाटतो, आणि नेमक्या त्याच जागी खाच सगळ्यात जास्त झिजलीय. एका ठिकाणी सुई मागे उडी मारते. तीच दोन आवर्तनं पुन्हा. मग पुढे जाते. इथे कुणीतरी सुई हातानं उचलून पुन्हा आधी ठेवत असणार, तसा बारीक आडवा ओरखडा बरोबर सुरुवातीला आहे.

मी दिवा मालवते. पट्टा संपतो. हात पुढे करून मी सुई उचलते आणि त्या ओरखड्याच्या किंचित अलीकडे ठेवते.