पडद्याचे कुलूप आणि पेढीची तिजोरी

नारपोलीतील एका परिचित कापड व्यापाऱ्यांच्या पेढीवर अलीकडे बसलो होतो. दुपारी जेवणास उठताना त्यांनी संगणकाचा पडदा कुलूपबंद केला. आत बँकेचे खाते आणि उधारीची वही उघडीच होती. "साहेब, पासवर्ड आहे, चिंता नाही," असे ते म्हणाले. बँकेत उभी हयात गेलेल्या मला ही निश्चिंती पटली नाही.

लिनक्स मिंट ही अनेक देशांत वापरली जाणारी मोफत संगणकप्रणाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या घटनेत तिच्या एका वापरकर्त्याच्या मुलांनी कुलूपबंद संगणकावर खेळता खेळता खरा कळफलक आणि पडद्यावरचा कळफलक यांची बटणे एकाच वेळी दाबली. कुलपाचा प्रोग्रॅम कोसळला आणि पासवर्डविना सारे काम उघडे झाले. वडिलांना तो योगायोग वाटला, तोच मुलांनी दुसऱ्यांदाही ते करून दाखविले. पडद्यावरील कळफलकाचे एक विशिष्ट अक्षर दाबताच तो कोसळे आणि कुलपालाही सोबत ओढून नेई. हा दोष पुढे दुरुस्त झाला.

मोबाइलही यातून सुटला नाही. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये दुसरे सिमकार्ड घालून त्याचा पीयूके क्रमांक दिला की कुलूप निघे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती त्रुटी बुजविली गेली. शोधणाऱ्यास ७० हजार डॉलरचे बक्षीस मिळाले.

यातील मर्म एवढेच की पडद्याचे कुलूप हे उघड्या तिजोरीवर ओढलेले आवरण आहे. आवरण गळून पडले की आतील व्यवहार जसाच्या तसा समोर येतो. बँकेच्या तिजोरीस दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात, कारण एका कुलपावर विसंबायचे नसते.

पेढीवरही तीच शिस्त हवी. पडदा कुलूपबंद अवश्य करावा. पण त्याआधी बँकेच्या खात्यातून बाहेर पडावे. रात्री संगणक पूर्ण बंद करावा. कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा टाळू नयेत. दोषांची दुरुस्ती त्यांतूनच पोहोचते. मोठी रक्कम पाठविताना एकाने नोंद करावी व दुसऱ्याने मंजुरी द्यावी. ही सोय चालू खात्यास बँकेकडे मागता येते.

आमचे परिचित आता जेवणास उठण्यापूर्वी खाते बंद करतात. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.