नदी सुटण्याचे दिवस

अलास्काच्या मध्यभागीं, ६४ उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे, फेअरबँक्स नांवाचें शहर आहे. तेथील सर्वांत लहान दिवस पावणेचार तासांचाही भरत नाहीं. पारा कधीं कधीं शून्याखालीं ४० अंशांपर्यंत उतरतो, आणि मोटारीचें इंजिन थिजूं नये म्हणून त्यास विजेची ऊब द्यावी लागते. अशा ठिकाणीं हिवाळा सरला म्हणजे घरोघर निव्वळ आनंदच होत असेल, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र इतकी सरळ नाहीं.

या प्रदेशांत हिवाळ्यांतील रस्ता म्हणजे गोठलेली नदी. टॅनाना व यूकॉन या नद्यांवर गजभर जाडीचा बर्फ जमतो. ज्या गांवांना सडक नाहीं, तेथील लोक या बर्फावरून कुत्र्यांच्या अथवा यांत्रिक घसरगाड्यांनीं शिकारीस, लांकडें आणावयास व शेजारच्या गांवीं जातात. उन्हाळ्यांत त्याच वाटेनें नावा चालतात. परंतु मध्यंतरीं कांहीं आठवडे असे येतात कीं, गाडीला बर्फ भरंवशाचा नसतो आणि नावेला पाणी मोकळें नसतें. घरांत सरपण व शिधा यांची बेगमी आधींच करून ठेवावी लागते.

प्रकाश त्यापूर्वींच परततो. मार्चअखेर दिवस रोज जवळ जवळ सात मिनिटांनीं, म्हणजे आठवड्यास पाऊण तासानें, वाढत असतो. बाहेर बर्फ असतांनाच घरोघर खिडक्यांशीं कोबीचीं व टोमॅटोचीं रोपें तयार होऊं लागतात. तीं जमिनींत लावण्याची वेळ मेअखेरीस येते. मेच्या पूर्वार्धांत भूर्जवृक्ष आठवड्याभरांत हिरवे होतात. जूनमध्यें सूर्य मध्यरात्रीनंतर मावळत असल्यामुळें मुलांना निजविण्याकरितां खिडक्यांना काळे पडदे लावावे लागतात.

नदीवरील बर्फ मात्र इतक्या शांतपणें जात नाहीं. वरच्या अंगाचा बर्फ आधीं सुटला आणि खालचा अजून घट्ट असला, तर प्रचंड लाद्या एकमेकींवर चढून नदीस बांध घालतात. २००९ सालच्या मे महिन्यांत यूकॉनकांठच्या ईगल येथें असेंच पाणी तुंबलें, आणि पुराबरोबर आलेल्या लाद्यांनीं अनेक घरें मोडून टाकलीं.

म्हणून नदी केव्हां सुटेल, हा तेथें जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. टॅनानाकांठच्या निनाना गांवीं १९१७ सालीं आगगाडीच्या कामावरील इंजिनियरांनीं ८०० डॉलर गोळा करून या प्रश्नावर पैज लावली. पैजेची प्रथा पुढें चालूच राहिली. नदीच्या बर्फांत एक लांकडी तिवई उभी करून ती दोरीनें कांठावरील घड्याळास जोडतात; बर्फाबरोबर तिवई वाहूं लागली कीं दोर ताणला जाऊन घड्याळ बंद पडतें. पहिल्या वर्षीं नदी ३० एप्रिलला सुटली. १९६४ व २०१३ या सालीं २० मेपर्यंत वाट पाहावी लागली. उलट २०१९ सालीं ती १४ एप्रिललाच मोकळी झाली. एकेका सालावरून अनुमान काढणें चुकीचें ठरेल. परंतु शंभरांहून अधिक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यास, बर्फ आतां पूर्वींपेक्षां सुमारें एक आठवडा लौकर सुटतो असें दिसतें.

लौकर येणारा उन्हाळा कोणास नकोसा वाटेल? परंतु नदीवरून ये-जा करणाऱ्या कुटुंबाचा तितक्या दिवसांचा रस्ता नाहींसा होतो. शिवाय वरून शाबूत दिसणारा बर्फ खालून प्रवाहानें पोखरलेला असूं शकतो. वडिलांनीं अनुभवानें ठरविलेली शेवटच्या फेरीची वेळ मुलास आतां बिनघोर पाळतां येत नाहीं; पुढें पाऊल टाकण्यापूर्वीं पहारीनें बर्फ ठोकून पाहावा लागतो.