समृद्धीला लागण्याआधी टायर बघा

ऐरोली-वाशीची गाडी वर्षभर सिग्नलला थांबत, रखडत चालते. टायरमध्ये हवा थोडी कमी असली तरी कळत नाही. तीच गाडी भिवंडीजवळ आमणे इथे समृद्धी महामार्गाला लागली की नागपूरपर्यंत 701 किलोमीटर मोकळा रस्ता आणि 120 पर्यंतची वेगमर्यादा. मे महिन्यातल्या दुपारी लपलेला दोष इथे बाहेर पडतो.

हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते, पुन्हा सरळ होते, आणि त्यातून रबर तापतं. वेग वाढला की फेरे वाढतात, थंड व्हायला उसंत मिळत नाही. शेवटी रबर आणि आतल्या धाग्यांचे थर सुटू लागतात, टायर फुटतो. म्हणून ‘उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमीच ठेवा’ हा नेहमीचा सल्ला नेमका उलटा आहे. तापल्यावर दाब वाढतो हे खरं, पण गाडीच्या कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. तो सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवर सापडतो. घरची सगळी मंडळी आणि डिकीभर सामान असेल तर आकडा वेगळा. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. स्टेपनीतही. नायट्रोजनचं फार कौतुक नको, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

टायरच्या बाजूला चार अंक असतात. 2319 म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात.

टायर फुटलाच तर करकचून ब्रेक मारू नका. स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचला, वेग उतरू द्या, मग डावीकडे घ्या.

मात्र सगळं खापर टायरवर फोडू नये. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. टायर फुटल्याचं चालक म्हणाला, तपासणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. वळण नाही, वर्दळ नाही, अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष विझतं. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, रात्रीचं टाळा. पंप आणि खाण्याची ठिकाणं लांब लांब आहेत. टाकी निम्मी झाली की भरा, पाणी भरपूर घ्या.

गाडी बंद पडली तर आत बसून राहू नका. हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि मग 112 लावा.