रेंजचा बूस्टर विकण्याआधी

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात डोंगर आडवा आला की मोबाइलची रेंज जाते. अशा भागात परदेशी, ताकद वाढवलेले बूस्टर आणून बसवून देण्याचा धंदा सोपा वाटतो. पण तो बेकायदा आहे.

● काम कसे चालते : छतावरचा अँटेना टॉवरचा सिग्नल घेतो, यंत्र तो वाढवते आणि घरातला अँटेना पसरवतो. फोनचा सिग्नल उलट वाटेने टॉवरकडे जातो.

● बिघाड कुठे : दोन अँटेना जवळजवळ बसवले किंवा ताकद अवाजवी वाढवली, तर यंत्र स्वतःचाच सिग्नल पुन्हा उचलते. स्पीकरसमोर माइक धरल्यासारखा गोंगाट होतो, तो टॉवरपर्यंत पोहोचतो आणि शेजारपाजारचे कॉल तुटतात.

● परदेशी माल : अमेरिकी यंत्रांतला १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा इथे निरुपयोगी. भारतात ९००, १८००, २१००, २३०० असे पट्टे वापरात आहेत.

● नियम : परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले.

● कायदेशीर पर्याय : वाय-फाय कॉलिंग. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केले. घरी ब्रॉडबँड आणि ही सोय असलेला फोन असेल, तर रेंज नसतानाही कॉल लागतो. दुकानदाराने मंजुरी असलेले राउटर विकावेत, जोडून द्यावेत.

गावात रेंजच नसेल, तर ग्रामसभेत ठराव करून टॉवरची मागणी करा. बूस्टरवर पैसे घालू नका.