एका जाहीरनाम्याचे वारसदार

राष्ट्रांच्या इतिहासांत कांहीं लेख असे आढळतात कीं, ते लिहिणारांच्या हेतूपेक्षां पुढें मोठे ठरतात. ता. ४ जुलै १७७६ रोजीं अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाशीं असलेला संबंध तोडून जो जाहीरनामा काढला, तो अशा लेखांपैकीं एक होय. सर्व मनुष्यें जन्मतः समान असून स्वतंत्र राहण्याचा हक्क कोणी कोणास देत नाहीं, तो प्रत्येकाचा मूळचाच आहे, अशा आशयाचें तत्त्व त्यांत सांगितलें आहे.

तत्त्व उदात्त खरें. परंतु त्या वेळची वस्तुस्थिति निराळी होती. मसुदा लिहिणारे टॉमस जेफर्सन यांच्या मालकींत त्यांच्या हयातींत सहाशेंहून अधिक गुलाम होते. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद त्यांनीं मसुद्यांत घातला होता. तो काँग्रेसनें गाळून टाकला. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ॲबिगेल ॲडम्स या बाईंनीं आपले पति जॉन ॲडम्स यांस पत्र लिहून, नवे कायदे करतांना स्त्रियांचा विसर पडूं देऊं नये, असें विनविलें होतें. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या या गृहस्थांनीं ती विनंति थट्टेवारी नेली. तात्पर्य, 'सर्व मनुष्यें' या शब्दांत गुलाम नव्हते आणि स्त्रियाहि नव्हत्या. ज्यांस असें वगळलें, त्यांनीं तोच जाहीरनामा पुरावा म्हणून हातीं धरून आपला दावा कसा मांडला, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

ता. १९ व २० जुलै १८४८ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील सेनेका फॉल्स या गांवीं स्त्रियांच्या हक्कांविषयीं परिषद भरली. तिच्यापुढें एलिझाबेथ कॅडी स्टॅंटन यांनीं जो लेख ठेवला, त्याची घडण पाहण्याजोगी आहे. वाक्यरचना बहुतेक जुन्या जाहीरनाम्याचीच. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'मनुष्यें' असाहि होतो व 'पुरुष' असाहि होतो. बाईंनीं त्यास 'आणि स्त्रिया' अशी जोड देऊन पळवाट बंद केली. जेथें राजाचे अन्याय मोजले होते, तेथें त्यांनीं पुरुषांचे मोजले: विवाहित स्त्री कायद्याच्या दृष्टीनें मेल्यासारखीच, तिची मजुरीदेखील नवऱ्याची, उच्च शिक्षणाचीं दारें तिला बंद, जे कायदे तिनें पाळावयाचे, ते करण्यांत तिला मत नाहीं. ६८ स्त्रिया व ३२ पुरुष यांनीं या लेखावर सह्या केल्या. मताधिकाराचा ठराव मात्र पुष्कळांस धाडसाचा वाटला. त्याच्या बाजूनें जे आग्रहानें बोलले, त्यांत फ्रेडरिक डग्लस हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते.

डग्लस यांचा जन्म मेरीलंडांत गुलामगिरींत झाला. लहानपणीं बाल्टिमोर शहरीं मालकिणीनें त्यांस मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पण शिकलेला गुलाम हाताखालीं राहत नाहीं, असें बजावून तिच्या नवऱ्यानें शिकवणें बंद पाडलें. सुटकेची वाट अक्षरांतून जाते, हें त्या बोलण्यावरूनच मुलास उमगलें. मग रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस पाव देऊन त्यांच्याकडून तो वाचावयास शिकला. १८३८ सालीं ते पळून जाऊन स्वतंत्र झाले व १८४५ सालीं त्यांनीं आत्मवृत्त छापलें. त्यांत मालकांचीं खरीं नांवें असल्यामुळें पुन्हां पकडले जाण्याचें भय उत्पन्न झालें आणि कांहीं काळ त्यांस समुद्रापार ब्रिटनचा आश्रय घ्यावा लागला. ता. ५ जुलै १८५२ रोजीं रॉचेस्टर येथें, हा स्वातंत्र्योत्सव गुलामास काय होय, असा रोकडा प्रश्न त्यांनीं श्रोत्यांस विचारला. तरीहि जाहीरनाम्याचीं तत्त्वें त्यांनीं टाकाऊ मानलीं नाहींत. तीं सर्वांच्या बाबतींत पाळा, एवढीच त्यांची मागणी होती.

दोन्ही अन्याय एकाच जिवावर कसे कोसळतात, हें हॅरिएट जेकब्स यांच्या १८६१ सालच्या आत्मवृत्तांत दिसतें. मालकाच्या छळापासून सुटण्यासाठीं या बाई आजीच्या घरीं छपराखालच्या पोकळींत जवळजवळ सात वर्षें लपून राहिल्या. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंच भागीं अवघी तीन फूट होती. टोपणनांवामुळें या पुस्तकास पुष्कळ दिवस कल्पित कथा समजत. जीन फेगन येलिन या विदुषींनीं जुनीं पत्रें शोधून तें खरें वृत्त असल्याचें सिद्ध केलें व १९८७ सालीं त्याची सटीप आवृत्ति काढली.

कायदा मात्र सावकाश बदलला. १८६५ सालीं गुलामगिरी नष्ट झाली. १८७० सालीं वर्णावरून मत नाकारण्यास बंदी झाली. पण त्या दुरुस्तींत स्त्रियांचें नांव नव्हतें, आणि त्यावरून स्टॅंटनबाई व डग्लस या जुन्या सहकाऱ्यांत कडाक्याचा वाद झाला. स्त्रियांस मताधिकार १९२० सालीं मिळाला. सेनेका फॉल्स येथें सही करणाऱ्यांपैकीं शार्लट वुडवर्ड या एकट्याच तेव्हां हयात होत्या. आजारपणामुळें त्यांसहि मत देतां आलें नाहीं. दक्षिणेंत तर नाना युक्त्यांनीं कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांस मतपेटीपासून दूर ठेवीत. १९६३ सालीं मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्याच जाहीरनाम्यास न वटलेल्या हुंडीच्या रूपानें राष्ट्रापुढें ठेवलें. १९६५ सालीं मताधिकाराचा सक्त कायदा झाला.

या चळवळींची वार्ता महाराष्ट्रांतहि पोहोंचली होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. पंडिता रमाबाईंनीं तो देश स्वतः पाहून १८८९ सालीं मराठींत ग्रंथ लिहिला. त्यांत तेथील स्त्रियांच्या संस्थांचें वर्णन केलें, तसे वर्णद्वेषासारखे दोषहि झांकले नाहींत.

विद्यार्थ्यांनो, समतेविषयींचा कोणताहि लेख वाचतांना दोन प्रश्न अवश्य विचारावे. यांतून कोण वगळलें गेलें? आणि त्यांनीं स्वतः काय लिहून ठेवलें आहे? पहिल्याचें उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत मिळेल. दुसऱ्यासाठीं पाव देऊन अक्षरें विकत घेणाऱ्या त्या मुलाचें पुस्तक उघडावें.