एका वाक्याच्या शेपटीत सुटलेला देश : क्रिस्टियान मिकेल्सेनची गोष्ट

आजचा भाग एका जहाजमालकाबद्दल आहे. तो नॉर्वेचा पंतप्रधान झाला आणि तीन महिन्यांच्या आत त्याने देशाला स्वीडनपासून वेगळं केलं. युद्ध न करता. क्रिस्टियान मिकेल्सेन त्याचं नाव. मला या माणसाचं कौतुक एका गोष्टीसाठी वाटतं. समोरचा नेमकं काय बोलून बसलाय, हे त्याने फार बारकाईने ऐकलं. कसं, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिकेल्सेन १८५७ साली बर्गनमध्ये जन्मला. बर्गन म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं व्यापारी बंदर. शिक्षण वकिलीचं, पण त्याने स्वतःची जहाज कंपनी काढली आणि ती चांगली वाढवली. मग बर्गनचा महापौर झाला, स्टोर्टिंग म्हणजे नॉर्वेच्या संसदेत गेला. वकील आणि व्यापारी, ही दोन्ही डोकी पुढे कामाला आली.

आता भांडण काय होतं? १८१४ पासून नॉर्वे आणि स्वीडन यांचा राजा एकच होता. नॉर्वेला स्वतःची राज्यघटना होती, संसद होती, सरकारही होतं. परराष्ट्र खातं मात्र स्वीडनच्या हातात. म्हणजे परदेशी बंदरांतले कॉन्सुलही सामायिक.

तुम्ही म्हणाल, कॉन्सुलवरून एवढं काय? तर बघा, त्या काळी नॉर्वेचा व्यापारी जहाजांचा ताफा जगातल्या सगळ्यात मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. परक्या बंदरात जहाज अडकलं, मालावरून वाद झाला, खलाशी आजारी पडला, की धाव घ्यायची ती कॉन्सुलकडे. जहाजं आपली, खलाशी आपले, मग आपल्या बाजूने बोलणारा माणूस आपला का नको? हा प्रश्न मिकेल्सेनसारख्या जहाजमालकाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

मार्च १९०५ मध्ये तो पंतप्रधान झाला. वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र घेऊन सरकार बनवलं. मे महिन्यात स्टोर्टिंगने स्वतंत्र कॉन्सुल सेवेचा कायदा मंजूर केला. २७ मे रोजी राजा ऑस्कर दुसरा याने त्याला संमती नाकारली.

आता इथे नीट लक्ष द्या, खरा खेळ इथेच आहे.

राजाच्या निर्णयावर मंत्र्याची सही लागायची. नॉर्वेच्या मंत्र्यांनी या नकारावर सही करायला नकार दिला आणि सगळ्या सरकारने राजीनामा दिला. राजा म्हणाला, आत्ता दुसरं सरकार बनवणं शक्य नाही, म्हणून मी राजीनामा स्वीकारत नाही. त्याच्या मते विषय तिथे थांबला.

मिकेल्सेनने मात्र ते वाक्य उचललं. घटनेप्रमाणे राजाला मंत्रिमंडळाशिवाय राज्य करता येत नाही. राजा स्वतःच म्हणतोय की मला सरकार देता येत नाही. मग त्याची राजसत्ता चालू कशी म्हणायची?

७ जून १९०५. स्टोर्टिंगमध्ये एक ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाचं मुख्य वाक्य अगदी कामकाजी होतं : राजीनामा दिलेल्या मंत्र्यांनीच तूर्त सरकार चालवावं. आणि त्याच वाक्याच्या शेपटीला जोडलेलं, की राजाने नॉर्वेचा राजा म्हणून काम करणं थांबवल्यामुळे स्वीडनशी असलेला संघ संपलेला आहे. ना घोषणा, ना शिवीगाळ. एक्क्याण्णव वर्षांचं नातं एका पोटवाक्यात मोडलं! वर सोबत राजाला नम्र पत्र : तुमच्याच घराण्यातला एखादा राजपुत्र आम्हाला राजा म्हणून द्या. ते स्वीडनने नाकारलं, पण नॉर्वे भांडायला उठलाय असं कुणाला म्हणता येईना.

अर्थात कागदावर लिहिलं म्हणून सगळं मिटत नाही. स्वीडनमध्ये संताप होता, आणि ही खरंच नॉर्वेच्या जनतेची इच्छा आहे का, असा सवाल होता. १३ ऑगस्टला सार्वमत झालं. वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं. विरोधात किती? फक्त १८४! बायकांना मताचा हक्क नव्हता, तर त्यांनी स्वतःहून जवळपास अडीच लाख सह्या गोळा केल्या. सुमारे २३ लाखांच्या देशात!

मग कार्लस्टाड या स्वीडिश शहरात वाटाघाटी बसल्या. तेव्हा सीमेवर दोन्हीकडचं सैन्य उभं होतं. सीमेवरचे किल्ले पाडायचे, ही स्वीडनची अट नॉर्वेत अनेकांना झोंबली. मिकेल्सेनने बरंचसं मान्य केलं. किल्ल्यांच्या बदल्यात देश मिळतोय, हा हिशोब त्याला पटला. २३ सप्टेंबरला करार ठरला.

पुढे डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला राजा व्हायला बोलावलं. त्याची बायको मॉड ही इंग्लंडच्या राजाची मुलगी, म्हणजे नव्या देशाला वजनदार सोयरे. कार्ल म्हणाला, आधी लोकांना विचारा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं, मोठ्या बहुमताने होकार आला आणि तो हाकोन सातवा झाला.

मिकेल्सेन १९०७ मध्ये पायउतार झाला आणि बर्गनला परतला. त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. आयुष्याच्या शेवटी तो कामगार चळवळीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एका संघटनेच्या संस्थापकांमध्ये होता, आणि त्यावर टीका होते. १९२५ मध्ये तो गेला. संपत्तीचा मोठा भाग त्याने विज्ञान-संशोधनासाठी ठेवला. त्यातून १९३० मध्ये बर्गनला उभी राहिलेली त्याच्या नावाची संस्था आजही चालू आहे.

तर पुढच्या वेळी एखादा करार, नोटीस किंवा अॅपच्या अटी समोर आल्या, की वाक्य शेवटपर्यंत वाचा. मी तरी हल्ली तसंच करतो. भेटू पुढच्या भागात!